राघूचा डोळा

एकोणीसशे ब्याऐंशी साली मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि त्या वर्षीच्या पंचमीला दिवेलागणीपर्यंत आमच्या गावात एकाही राघूला डोळा काढला गेला नाही. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट अशी सांगून कळायची नाही. त्यासाठी आधी नागनाथआप्पा पांचाळ कळले पाहिजेत. आमचं गाव उदगीरपासून आत, कर्नाटकच्या अंगाला. आप्पा गावचे सुतार, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. गावात अजून काही लोक म्हणतात, नागनाथ सुतार हट्टापायी मेला. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेला माणूस, पण त्यांच्या शेजारी राहिलेला मी एकटाच उरलोय, तेव्हा लिहायचं तर मीच लिहायला पाहिजे.

आमच्याकडं लेकी पंचमीला माहेरी येतात. भाऊ बहिणीला आणायला तिच्या सासरी जातो, त्याला मुराळी म्हणतात. हे सगळीकडंच आहे. पण आमच्या गावात एक जास्तीचं होतं आणि ते आप्पांनी सुरू केलेलं होतं. गावातल्या पोरीचं लग्न ठरलं की आप्पा तिच्या नावानं पांगाऱ्याच्या लाकडाचा एक राघू कोरायचे. वीतभर लांब, पंख मिटलेले, पाठीत लोखंडी आकडा. निळीत पिवडी कालवून हिरवा रंग करायचे, चोच शेंदराची, गळ्याभोवती काळी रेघ. पंचमीला मुराळी निघाला की तो राघू ओसरीच्या तुळईतल्या कडीला टांगायचा आणि लेक परत नांदायला गेली की उतरवून ठेवायचा. कुणाच्या ओसरीला एक, कुणाच्या तीन-चार. त्या दिवसांत गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी कुठल्या घरी कोण आलंय ते विचारावं लागत नसे.

राघू कुणीही सुतार कोरील. आप्पांचं वेगळं होतं ते डोळ्याचं. नवा राघू ते आंधळाच द्यायचे. पंचमी जवळ आली की बायका आपापले राघू पदराखाली धरून त्यांच्या ओट्यावर यायच्या आणि ओळीनं मांडून ठेवायच्या. आप्पा चुन्याची वाटी आणि काजळाची डबी घेऊन बसायचे, पण काडी हातात घ्यायच्या आधी प्रत्येकीला विचारायचे, मुराळी निघाला का? निघाला म्हटलं की चुन्याचा गोल, त्यात काजळाचा ठिपका, मग दुसऱ्या अंगाला तसंच. लेक परत गेली की राघू पुन्हा त्यांच्याकडं आणायचा. ओल्या फडक्यानं डोळे घासून काढायचे आणि आंधळा करून पेटीत ठेवायला द्यायचे.

"डोळा हाय तवर तो वाट बगतो," आप्पा म्हणायचे. "मुकं लाकूड हाय मनून त्याला उगं ताटकळत ठिवू न्हाई."

आता हे ऐकून कुणाला आप्पा गोड म्हातारा वाटत असतील तर तसं काही नव्हतं. उंच, वाळकुडा माणूस, कानावर पेन्सिल, आणि तोंड कायम चालू. बैलगाडीचं चाक दुरुस्त करायला गेलं की आधी गाडी कशी हाकावी यावर ऐकून घ्यावं लागायचं. कुणाची स्तुती त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही. लाकडाला मात्र माणसासारखं बोलायचे, शिव्यासुद्धा द्यायचे. एका बाईनं एकदा राघूच्या जागी मोर मागितला, दिसायला छान म्हणून. आप्पा म्हणाले, "मोर नाचून निघून जातो, बाय. राघू शिकवल्यालं इसरत न्हाई. तुला लेक कसली पायजे ती तूच ठरीव."

बसवणप्पा म्हणून एक होते. त्यांनी मुराळी निघाला असं सांगून डोळा काढून नेला आणि राघू टांगला. मुराळी म्हणजे त्यांचा पोरगा. तो दुपारी फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना आप्पांना दिसला. आप्पा तिथून तडक बसवणप्पांच्या ओसरीत गेले, पायरीवर चढले, धोतराचा सोगा थुंकीनं ओला केला आणि घरातल्या सगळ्यांसमोर राघूचे डोळे पुसून टाकले.  ते पोरगं तेव्हा न्हाव्यापुढं बसलं होतं, ते अर्धी दाढी केलेल्या तोंडानंच संध्याकाळच्या गाडीला पळालं. गाव कितीतरी दिवस हसत होतं. पण त्यानंतर गावात कुणी लेकीला आणायला उशीर केला नाही.

त्यांना एकच लेक, कलावती. कली लहान असतानाच तिची आई गेली. आप्पांनी दुसरं केलं नाही. कली अर्धी त्यांच्या घरी आणि अर्धी आमच्या घरी वाढली. माझी माय तिची वेणी घालायची आणि मी तिचा भाऊ. बापाचा स्वभाव तिच्यात जसाच्या तसा उतरला होता, तोंड तेवढं कमी. तिचं लग्न ठरलं तेव्हा आप्पा राघूसाठी लाकूड निवडत बसले होते. तिनं ढिगातून एक गाठीचा तुकडा काढून पुढं टाकला. हाच पाहिजे, म्हणाली. आप्पांनी सांगितलं, गाठ हाय, पटाशीची धार जाईल. जाऊ द्या, म्हणाली. धार गेलीच. गाठीपाशी वळसा घालावा लागला म्हणून त्या राघूची मान जराशी मागं वळलेली झाली. दिवसभर आप्पा लाकडाला शिव्या घालत होते आणि कली समोर बसून बघत होती. झाल्यावर त्यांनी तो तिच्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, घे, तुझ्यासारखाच झालाय.

तिला दिली नांदेडकडं, नायगावच्या पलीकडच्या एका खेड्यात; आम्ही नुसतं नायगावच म्हणायचो. गोदावरीच्या अंगाची काळीभोर जमीन, घर खाऊनपिऊन सुखी. पण लेकरू होत नव्हतं. आणि जुन्या माणसांचा नेम असा, लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आप्पांनी तो असा पाळला की तिच्या दारातच गेले नाहीत. म्हणायचे, "पाणी न पिता बसलो तर कलीच्या सासूचा, यायीबाईचा अपमान. पिलो तर माजा नेम मोडतो. त्यापरीस माणक्या, तूच जा." म्हणून दरवर्षी मुराळी मीच. उदगीरहून मुखेड, पुढं नरसीला गाडी बदलायची. येताना कली खिडकीशी बसायची आणि गावात शिरताना वळणावरूनच मान काढून आधी ओसरी बघायची. राघू दिसला की मग पदर सावरायची.

ब्याऐंशीच्या आधीच्या वर्षी पाऊस अर्ध्यावर गेला होता आणि त्या वर्षी मृगात नुसतं कोरड्या मातीत धूळवाफेचं पेरून लोक आभाळाकडं बघत बसले. विहिरींनी तळ दाखवला. आप्पांकडं चाक दुरुस्त करायला येणार कोण, गाड्याच उभ्या. ते आणि मी, दोघंही पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जात होतो. आप्पा तिथंसुद्धा मुकादमाला फावड्याचा दांडा कसा बसवावा ते सांगायचे.

आषाढात मारुतीच्या पारावर बैठक बसली. दोन-चार घरं लेकी आणू शकत होती, बाकीच्यांकडं लेकीच्या ताटात काय वाढायचं हा प्रश्न होता. आणि नाही आणलं तर ओसरी मोकळी दिसणार, सगळ्या गावाला.  तेव्हा आप्पा उठले.

"दोन दारांत राघू आन् बाकीची दारं मोकळी, हे माज्या हातानं व्हायचं न्हाई," ते म्हणाले. "औंदा डोळा कुणालाच न्हाई. ज्याला ऐपत हाय त्यालाबी न्हाई. दिवाळीला आणू लेकी. निरोप धाडा."

मी आजही म्हणतो, त्या दिवशी त्यांनी गावाची लाज राखली. बैठकीत कितीतरी जणांनी तेव्हाच श्वास सोडला. निरोप बाजाराला जाणाऱ्यांबरोबर, कंडक्टरबरोबर गावोगाव गेले. दुष्काळ आहे, पंचमीला आणत नाही, दिवाळीला आणतो. कलीलाही तोच निरोप गेला.

माझी माय मात्र त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाली, "आप्पा, बाकीच्या पोरींला आय हाय, भावजया हायत, त्या समजून घेतील. कलीला तुमच्याबिगर कोन हाय? तिचा तेवढा टांगा. गाव काय मनत न्हाई."

"गाव मनत न्हाई, मी मनतो की वयनी," आप्पा म्हणाले. "बोललो मी आन् राघू माज्याच दारात?"

पंचमीच्या दिवशीही आम्ही कामावर गेलो. दिवस कलता परत आलो तर आप्पांच्या ओट्यावर एक गठुडं. हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, चांगलं जड. आप्पांनी गाठ सोडली. आत जवारी होती. पांढरी, टपोरी, आमच्याकडं त्या वर्षी कुणाच्या कणगीत नव्हती अशी. मी फडकं ओळखलं. मायेचं जुनं लुगडं होतं, तिनंच कलीला दिलेलं.

समोरच्या घरची गंगाई दारात बसलेली असायची. डोळ्यानं अधू म्हातारी. तिला विचारलं. ती म्हणाली, दुपारी एक बाई आली होती, डोक्यावर गठुडं घेऊन. रस्त्यातच थांबली. वर तुळईकडं बघत लई वेळ उभी होती, उन्हात. मग गठुडं ओट्यावर ठेवलं, पायरी काही चढली नाही. मी विचारलं, कोण गं तू, कुणाकडं आलीस? तर म्हणाली, "चुकून आले, मावशी." आणि गेली.

आप्पा तसेच अनवाणी फाट्याकडं निघाले. मी मागं. त्या वयात ते इतकं पळतील असं मला वाटलं नव्हतं. फाट्यावर कुणी नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला, मुखेडची गाडी जाऊन बराच वेळ झाला.

 घरी आल्यावर आप्पांनी माळ्यावरची पेटी काढली, कलीचा राघू काढला, पुसला, टांगला. शिडीवर उभं राहून चुन्याचा गोल काढला. मग तो बोटानं पुसला आणि पुन्हा काढला. आप्पांना गोल दुसऱ्यांदा काढताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दिवेलागण झाली होती. खाली उतरून म्हणाले, "माणक्या, सकाळी जा." आणि स्वतः सकाळी पारावर जाऊन सांगून आले की मी माझा शब्द मोडलाय, माझ्या दारात राघू लागलाय, ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. 

मी नायगावला पोचलो. कलीच्या सासूनं मला गूळपाणी दिलं आणि आत गेली. कली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"राघू लावलाय आप्पांनी," मी म्हणालो.

"कवा?"

"काल. तू गेल्यावर."

"मी आले तवा कडी मोकळी व्हती, दादा."

मी तिला पारावरची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, निरोप मला मिळाला, समजलाही. दुष्काळ आहे म्हटल्यावर राहवलं नाही म्हणून तर जवारी घेऊन आले. गावात राघू नसतील हे ठाऊक होतं.

"पर माजा असंल असं वाटलं," ती म्हणाली. "मी सासूला मनून निघाले, मला मुराळी लागत न्हाई, माजा राघू हाय तिथं. आल्यावर काय सांगू तिला?"

मी म्हणालो, आप्पांनी गावासाठी केलं.

"लई चांगलं केलं. गावासाठी केलं." मग तिनं पदर कमरेला खोचला. "आता त्यांनीच यावं न्ह्यायला. तू नको येऊ, दादा. ते आले तर येते."

"त्यांना इथलं पाणी चालत न्हाई, कले."

"मंग न पिता यावं. उन्हात हुबं राहावं जरा. मी राहिले की."

मी एकटाच परत आलो. आप्पा ओट्यावर बसून होते. मी जे झालं ते सांगितलं, एक शब्द गाळला नाही. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "माजीच हाय." त्यात राग किती आणि कौतुक किती हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही सांगता यायचं नाही. पण ते गेले नाहीत. बाप मुराळी होत नसतो, म्हणाले.

त्या जवारीचं काय करायचं हा पुढचा घोळ. आप्पा तिला हात लावीनात. मायेला वाटलं, म्हातारा मातीकामावर अर्धपोटी जातोय आणि घरात धान्य पडलंय. तिनं त्यातल्या दोन मुठी जात्यावर ओढल्या आणि भाकरी करून आमच्यातलीच म्हणून त्यांच्यापुढं ठेवली. आप्पांनी एक तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि ताट बाजूला सारलं.

"वयनी, ही नायगावची हाय."

"जवारीला काय गावाचं नाव लिवलंय का?" माय म्हणाली.

"आपल्याकडं औंदा अशी पांढरी भाकर कुनाच्या तव्यावर हाय, सांगा बरं."

कांदा फोडून, मीठ लावून खाल्ला, वर पाणी प्यायले आणि खोरं घेऊन निघाले. दोन दिवसांनी त्यांनी ती सगळी जवारी वाटीवाटीनं वाटून टाकली. ज्या ज्या घरची लेक त्या पंचमीला आली नव्हती त्या प्रत्येक घरी जाऊन दिली आणि सांगितलं, माझ्या लेकीनं धाडलीय. फडकं तेवढं धुऊन घडी करून ठेवलं.

त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे. गावात पेढे वाटले गेले. त्या पोटाला पेढासुद्धा नीट लागेना. तालुक्याहून काही मंडळी जीपमधून आली. भली माणसं होती. नव्या जिल्ह्याच्या समारंभासाठी कचेरीची पडवी सजवायची होती, आणि या गावच्या राघूंबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. सगळ्या गावात एकच राघू टांगलेला, आप्पांच्या ओसरीत. तो त्यांना फार आवडला. नमुन्यासाठी नेतो, परत आणून देतो म्हणाले.

"उतरवता येत न्हाई," आप्पा म्हणाले. "डोळा उगडा हाय."

त्यांना काही समजलं नाही. मग म्हणाले, नवे करून द्या, पाच-पंचवीस, चार पैसे मिळतील, दुष्काळाचं बरंच आहे.

"कचेरीत कुनाची लेक यायची हाय?"

ते हसले. आप्पा हसले नाहीत. मायेनं कोरा चहा केला, तो पिऊन मंडळी गेली. जीपची धूळ खाली बसेपर्यंत आप्पा तिकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "गाव हाय तिथंच हाय आन् जिल्हा बदलला. सरकारला बरं जमतंय." मी म्हणालो, सरकारला जमतंय तर तुम्हालाही जमंल, उद्या जाऊ नायगावला. त्यांनी पटाशी उचलली आणि धार लावायला बसले. पटाशीला आधीच धार होती.

दिवाळीला सगळ्यांच्या लेकी आल्या, कली आली नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पंचमीला ओट्यावर पुन्हा राघूंची ओळ लागली, आप्पांनी सगळ्यांना डोळे काढले आणि लेकी गेल्यावर सगळ्यांचे घासून काढले. त्यांचा स्वतःचा राघू मात्र टांगलेलाच. ज्या माणसानं बसवणप्पांच्या ओसरीत चढून डोळे पुसले होते त्याचा राघू बारा महिने उघड्या डोळ्यानं लटकत होता. उन्हानं हिरवा रंग उडाला की आप्पा शिडी लावून वरच्या वर रंग द्यायचे, काजळाचा ठिपका फिकट झाला की त्यावरच नवा ठिपका ठेवायचे. उतरवायचे नाहीत. चिमण्या त्याच्या पाठीवर बसायच्या. गावात लोक टोमणे मारायचे, आप्पा, राघूला जागरण होतंय. आप्पा म्हणायचे, "त्याला सवय लागलीय."

मी दरवर्षी जात होतो. कली येत नव्हती, पण मला पोटभर जेवू घालायची आणि एकेक विचारायची. खोकला कसा आहे, दात किती राहिले, रात्री अंगावर काय घेतात, अजून लाकडाला शिव्या देतात का. परत आलो की आप्पा विचारायचे, काय नेसली होती, वाळली का, सासू नीट बोलते का. दोघांच्या मधली एस्टी मीच झालो होतो. एकदा वैतागून मी आप्पांना म्हणालो, तुमचं तुम्ही एकमेकांना विचारा, माझी चप्पल झिजली. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या चपलेला नवा अंगठा लावून आणला. 

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात निरोप आला की कलीला मुलगी झाली. आप्पा तेव्हा एक चौकट रंधत होते. रंधा तसाच फळीवर सोडला आणि भुश्शातच खाली बसले. मी वाट बघत होतो, रडतील का काय. त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "आता पाणी चालतं."

त्या दिवसापासून आप्पा निराळेच झाले. भेटेल त्याला थांबवून सांगायचे, पंचमीला मी मुराळी, मी स्वतः. बाप मुराळी होत नसतो हे त्यांचंच वाक्य कुणी आठवून दिलं तर म्हणायचे, बाप होत न्हाई, आज्जा होतो. पांगाऱ्याचा एक बारीक खुळखुळा कोरला, आत चिंचोके घातले. तो इतक्या वेळा वाजवून बघितला की मायेनं तो काढून आमच्या घरी ठेवला. धोतर परटाकडून धुऊन आणलं. चप्पल चांभाराकडून टाचून घेतली. उदगीरच्या पुढं कधी न गेलेला माणूस. मला रोज संध्याकाळी विचारायचे, गाडी कुठून मिळते, कुठं उतरायचं, तिथून पायी किती. मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा.

आषाढात त्यांना ताप भरला. पडून राहा म्हटलं तर ऐकेनात, सगळ्या गावाचे राघू यायचे आहेत, रंग घोटायचा आहे. मग छातीत कफ झाला. मी गाडी जुंपून उदगीरच्या दवाखान्यात नेलं, सुया दिल्या, परत आणलं. शेवटचे दिवस ते ओसरीतच निजले, राघूच्या खाली. आत नको म्हणाले. शेवटच्या सकाळी मी चमच्यानं पाणी पाजत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नरसीला गाडी बदलायची न्हवं?"

"हाव आप्पा. नरसीला."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

अग्नी मी दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी नायगावला गेलो, डोक्याला काही नाही, पायात काही नाही. कली अंगणात पोरीला तेल लावत होती. मला बघून हसली. इतक्या वर्षांत अशी हसली नव्हती.

"दादा, पंचमीला अजून टाइम हाय की," म्हणाली. "आन् औंदा तू कामून आलास? आप्पा येनार हायत मनून निरोप होता. मी सासूला सांगून ठिवलंय. ते आले की निगायचंच हाय." मग आत वळून हाक मारली, दादाला पाणी आणा.

सासूनं तांब्या आणून पुढं धरला. मरणाचा निरोप आणणारा माणूस त्या घरचं पाणी घेत नाही. मी हात पुढं केला नाही. कलीनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं बघितलं. पोरीला तेल लावत होती तो हात तसाच राहिला. 

आम्ही त्याच दिवशी निघालो. वळणावर तिनं मान बाहेर काढली नाही. घरापाशी आलो तर लोक ओट्यावर बसलेले होते, ते उठून बाजूला झाले. कली रस्त्यात थांबली, जिथं तेव्हा थांबली होती तिथंच. राघू वाऱ्यानं हळूहळू फिरत होता. तिनं पोरीला दोन्ही हातांनी वर धरलं आणि तिला तो दाखवला. मग पायरी चढली, उंबरा ओलांडला, आणि आत गेल्यावर तिचा आवाज बाहेर आला.

दिवसकार्य होईपर्यंत ती राहिली. मधेच पंचमी आली आणि गेली. त्या वर्षी बायका राघू घेऊन आल्या नाहीत. काहींनी आंधळेच टांगले. सुतकाच्या घरात सण नव्हता, पण सगळ्या गावात डोळा असलेला राघू तेवढा एकच होता.

जायच्या दिवशी मायेनं तिची ओटी भरली आणि खुळखुळा पोरीच्या मुठीत दिला. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. बाभळीच्या सावलीत बसलो. पोरगी खुळखुळा तोंडात घालत होती.

"दादा, आप्पा खरंच निगाले व्हते ना?" कलीनं विचारलं.

"हाव. चप्पल टाचून घेतली व्हती. दाराशीच ठिवली व्हती."

तिनं पोरीच्या तोंडातला खुळखुळा काढून पदरानं पुसला.

"मंग ते आले, असं मी धरते," म्हणाली.

गाडी आली. मी पोरीला खिडकीतून तिच्या हातात दिलं. गाडी मुखेडच्या वळणाला दिसेनाशी होईस्तोवर मी तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या ओसरीला त्यांचीच शिडी लावली. ओलं फडकं घेऊन वर चढलो. डोळ्याचे थरावर थर वाळून दगडासारखे झाले होते, फडक्यानं निघेनात, नखानं खरवडावे लागले. आधी चुना निघाला, मग काजळ, मग पुन्हा चुना, पुन्हा काजळ, आणि शेवटी पांगाऱ्याचं कोरं लाकूड लागलं. दुसऱ्या अंगालाही तसंच केलं. मग कडीतून राघू काढला, आप्पांनी घडी करून ठेवलेल्या हिरव्या फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. कली नांदायला गेली होती.